थोरल्या पातेल्याची शेवंताक्का

शेवंताक्का नव्या माणसाला नाव-गाव नंतर विचारायची. आधी विचारायची, "तुझं कुणाशी बोलणं बंद हाय?"

साताऱ्याहून कडेगावकडच्या त्या गावात मी प्राथमिक शाळेची मास्तरीण म्हणून उतरले, तेव्हा माझ्या काखेत वळकटी होती आणि केसांत एस.टी.ची धूळ होती. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मला खोली दाखवायला सरपंचांनी जिला धाडलं ती ही बाई. चणीनं एवढीशी, काटकुळी, दातांना मिश्री आणि कमरेला लुगड्याच्या कनवटीत खोचलेली एक दणकट किल्ली. तिचा प्रश्न ऐकून मी गडबडले. म्हटलं, "कुणाशीच नाही हो. माझं कुणाशी भांडण नाही."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"अगं बया," ती कीव करत म्हणाली, "म्हंजी तुझं जवळचं कुणीच न्हाई म्हण की."

त्या दिवशी मला ती आगाऊ वाटली. नंतर पाच वर्षं तिच्या शेजारी काढली, आणि ती आगाऊ होती या माझ्या मतात काही बदल झाला नाही. फक्त ते मत मला आवडायला लागलं.

कमरेची किल्ली भैरोबाच्या देवळामागच्या खोलीची होती. त्या खोलीत गावाची भांडी असत. कुणा एकाची नव्हे, गावाची. फार पूर्वी घरटी वर्गणी काढून घेतलेली: हंडे, पराती, कढया, झारे, ओगराळी, आणि सगळ्यांत मागं, भिंतीला टेकून बसलेलं थोरलं पातेलं. तांब्याचं, आतून कल्हई केलेलं, दोन्ही अंगांना मनगटाएवढ्या जाड कड्या. मणभर तांदळाचा भात त्यात एका वेळी शिजायचा. गावात लग्न कुणाचंही असो, भात शिजणार तो याच पातेल्यात. आधी अक्काचा सासरा ही खोली सांभाळायचा, मग नवरा, आणि नवरा गेल्यावर किल्ली अक्काकडं आली. तेव्हा एक-दोन म्हाताऱ्यांनी कुरकुर केली होती, की विधवा बाईच्या हातून लग्नाची भांडी कशी न्यायची. अक्का म्हणाली, "नवरी काय मी न्हाई, मी नुसतं पातेलं देती. नगं आसंल तर मातीच्या मडक्यात शिजवा." मडक्यात शिजवायला कुणी गेलं नाही.

भांडी देण्याचा तिचा एक नियम होता. बाकीची भांडी कुणीही येऊन न्यावीत. थोरलं पातेलं मात्र दोघांनी उचलून न्यायचं. एका कडीला लग्नघरचा कर्ता, आणि दुसऱ्या कडीला त्याच्याशी ज्याचं बोलणं बंद असेल तो. पुन्हा परत आणतानाही तेच दोघे. कुणाचं कुणाशी वाकडं आहे हे तिला विचारावं लागत नसे. सगळ्या गावाची भांडणं तिला तोंडपाठ होती. तरीही ती विचारायची, डॉक्टर पोट साफ आहे का विचारतो तसं. माणूस "कुणाशी न्हाई" म्हणाला की ती फक्त किल्लीवर हात ठेवून बसून राहायची.

"पण यानं होतं काय?" मी तिला एकदा विचारलं.

"देवळापासनं खालच्या आळीपातुर पाच वळणं हायती," ती म्हणाली. "पातेलं जड. बोलल्याबिगार वळतंय व्हय?"

ही पाच वळणं मी स्वतः पाहिली आहेत. दोन सख्खे भाऊ होते, थोरला दादू आणि धाकटा यशवंता. उसाच्या बांधावरून चार वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. दादूच्या मुलीचं लग्न निघालं. यशवंता यायला तयार नव्हता, पण गावाच्या भाताच्या आड येणारा माणूस म्हणून उरलेला जन्म काढायचा धीर कुणाला असतो? आला. दोघांनी कड्या धरल्या आणि निघाले. आमची शाळा वाटेवरच. दोघांनी ठरवलंच होतं, काही झालं तरी बोलायचं नाही. पहिलं वळण नुसत्या खाकरण्यावर निभावलं. दुसऱ्या वळणावर पातेलं भिंतीवर घासलं. तेव्हा दादू पातेल्यालाच म्हणाला, "पातेल्या, जरा डावीकडं घे की रं."

यशवंतानंही पातेल्याकडं बघूनच उत्तर दिलं, "पातेल्या, त्येला सांग, डावीकडं गटार हाय. डोळं हायत का बटनं?"

"पातेल्या, गटार मला ठावं हाय. तू जन्माला यायच्या आधीपास्नं हाय ते."

असं करत करत ते शाळेसमोर आले तोवर पातेल्याला दोघांचं बालपण, बापाचा मार आणि बांधावरच्या आंब्याची हकिकत कळली होती. चौथ्या वळणावर यशवंताच्या चपलेचा अंगठा तुटला, तो अडखळला, आणि दादू पातेल्याला विसरून ओरडला, "यसवंत्या, पाय सांभाळ!" माझा वर्ग खिडकीत गोळा झाला होता, पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या दोघांचा बांध तिथल्या तिथेच राहिला, कज्जाही पुढं चालूच राहिला, पण कज्ज्याच्या तारखेला दोघं एकाच एस.टी.नं जाऊ लागले. अक्काला यात काही विशेष वाटलं नाही. ती म्हणायची, "भांडान मिटवायला मी काय देव हाय? त्वांड तेवढं उघडून देती."

परत आलेलं पातेलं घेण्याचाही तिचा थाट होता. ती ते उलटं करायला लावायची, बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकायची, मग आत डोकं घालून वास घ्यायची. आत गेलेली अक्का बाहेर येईपर्यंत मला काळजी वाटे, कारण ती अख्खी आत मावली असती. लग्नात ती पंगतीला कधी बसायची नाही. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या तळाची खरवड उलथण्यानं काढून, उभ्या उभ्या, एकटीच मटकावायची. "लग्नातलं खरं ह्येच," म्हणायची. आणि मला बघितलं की हमखास, "मास्तरीणबाई, तुमी लगीन करा. पातेलं साताऱ्याला धाडती. फकस्त दुसरी कडी कोन धरनार ते आदी सांगा. तुमचं तर कुणाशी भांडानच न्हाई!"

गावातल्या सगळ्यांची तोंडं उघडून देणाऱ्या या बाईचं स्वतःचं एका माणसाशी बोलणं बंद होतं, आणि ते माणूस भिंतीपलीकडे राहत होतं. हौसाबाई, तिची धाकटी जाऊ.

दोन्ही घरांची मधली भिंत एकच. परस एकच, मध्ये छातीभर उंचीची दगडांची रांग. हौसाबाईची एक तांबडी कोंबडी होती. तिला अंडं घालायला अक्काच्याच परसातला उकिरडा आवडायचा. अक्का ते अंडं उचलून दगडांवर ठेवायची. दिवस मावळायच्या आत पलीकडून हात यायचा आणि अंडं नाहीसं व्हायचं. एवढाच त्या दोघींचा संसार उरला होता. कोंबडी तेवढी दोघींशी बोलत असे.

कारण मला हौसाबाईनंच सांगितलं, एकदा माझ्या खोलीत हरभऱ्याची डाळ निवडत बसली असताना. दुष्काळाच्या आधी तिच्या मंगलचं लग्न झालं होतं, आटपाडीच्या बाजूला दिलेली. तिकडं पाऊस नाही, पाणी नाही, भात दिसायचा तो सणाला. उसाच्या मुलखात लग्न, म्हणून वऱ्हाड पांढऱ्या भाताची आस धरून आलेलं. हौसाबाईच्या नवऱ्याचं भावकीतल्या एका बापूशी बोलणं बंद होतं. नियमाप्रमाणं दुसरी कडी बापूची. आणि बापू मुद्दाम आदल्या दिवशी आपल्या कुण्या पाहुण्यांच्या गावाला निघून गेला.

"मालक अक्काच्या पाया पडलं," हौसाबाई म्हणाली. हात डाळीत थांबला. "सख्खा दीर वो. म्हनाली, गावाला एक न्याव आन् घरच्याला दुसरा, आसं मला जमायचं न्हाई. किल्ली काढलीच न्हाई."

मग गुऱ्हाळावरची काहील आणली. गुळाचा रस आटवायची ती लोखंडी, पसरट काहील. तिच्यात भात लावला. खालून करपला, वरून कच्चा राहिला, आणि लोखंडाचा नि जुन्या गुळाचा मिळून असा काही रंग धरला की वऱ्हाडी पानावर बघत राहिले. नवरीच्या सासूनं भर मांडवात विचारलं, "तुमच्याकडं भात काळाच पिकतो व्हय?" मंगलला ते वाक्य पुढं सासरी वर्षानुवर्षं ऐकावं लागलं. पोर माहेरी आली की रडायची आणि आई भिंतीकडं बघायची.

मी अक्काला एकदा चाचरत विचारलं. ती नेहमीसारखी फटकन बोलेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "नेम बराबर हुता," आणि बराच वेळ हातातली परात चिंचेनं घासत बसली. परात आधीच लख्ख होती.

माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षी ओढ्यापलीकडच्या वस्तीतला सखाराम देवळाच्या पायऱ्यांखाली येऊन उभा राहिला. ही वस्ती गावाच्या वर्गणीत नव्हती, गावाच्या पंगतीत नव्हती, पातेल्याच्या वाटेवरही नव्हती. दुष्काळी कामावर सगळ्या गावानं त्यांच्या शेजारी बसून खडी फोडली होती, पण पाऊस पडला आणि गाव पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसलं. सखारामच्या मुलीचं लग्न होतं. वर कट्ट्यावर दोन म्हातारे बसले होते, ते एकदम आभाळ बघायला लागले.

अक्कानं सवयीनं विचारलं, "तुझं कुणाशी बोलणं बंद हाय?"

"आमचं कुणाशी न्हाई अक्का," सखाराम म्हणाला. "गावाचंच आमच्याशी बंद हाय."

अक्का उठली, कुलूप काढलं, पातेलं फरफटत दारात आणलं, पदर खोचला आणि एक कडी दोन्ही हातांनी धरली.

"धर दुसरी. गावाकडनं मी हाय."

तिच्या उंचीला पातेलं छातीशी येत होतं. ओढ्यापर्यंत ती नऊ वेळा थांबली, मी मोजलं. वाटेत हौसाबाईचं घर लागलं. हौसाबाई दारात उभी होती. पातेलं समोरून गेलं आणि तिनं दार लावून घेतलं, जरा जास्तच जोरानं. पुढं महिनाभर गावात गुरगुर चालली. म्हातारे पातेलं शुद्ध करा म्हणत होते. अक्का म्हणाली, "तांबं हाय, चिंच लावली की झालं. तुमच्या डोस्क्याला काय लावू?" मग त्या दोघांतल्याच एकाच्या नातवाचं लग्न आलं, तिथी जवळची होती, आणि त्याला शुद्धाशुद्धीची आठवण राहिली नाही.

आणि मग अक्काच्याच दिनकरचं लग्न ठरलं.

दिनकर फौजेत. तिचा एकुलता एक. वैशाखात पंधरा दिवसांची रजा, मुलगी माण तालुक्यातली, दहिवडीकडची. मुलीकडची परिस्थिती बेताची, म्हणून लग्न मुलाच्या दारात धरलं. बातमी फुटली आणि पारावरच्या मंडळींना काम मिळालं. नियमानं एक कडी अक्काची, दुसरी हौसाबाईची. दादू आणि यशवंता तर शेजारी शेजारी बसून वाट बघत होते. "अक्का, आता तुमचा नंबर," दादू म्हणाला. "वळनं पाचच हायती, भिऊ नगा."

अक्का हसली नाही. चार दिवस राहिले, तीन राहिले, ती काही भिंतीपलीकडे जाईना. मी म्हटलं, "अक्का, मी येते तुमच्याबरोबर. एक शब्द तर टाकायचा."

"टाकंन की," ती म्हणाली. "ती कडी धरंल बी. गाव बगतंय म्हनून धरंल. पर ज्या पोरीच्या लग्नाला मी पातेलं दिलं न्हाई, तिच्या आईच्या हातनं माज्या पोराच्या लग्नाला पातेलं उचलून घ्यायचं? मला तेवडी लाज हाय मास्तरीणबाई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सांगून ठिवलंय गुऱ्हाळावर. काहील येतीया."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिची समजूत घालणाऱ्यांत मीही होते. दिनकर चिडला, "आये, माझ्या पलटनीतली मानसं येनार हायती!" सरपंच आले, नियम मोडायची परवानगी घेऊन आले. ती कुणाचं ऐकेना. माणची गरीब माणसं करपलेला भात जेवून जातील, सुनेला जन्मभर तेच ऐकावं लागेल, हे तिला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. त्या सबंध आठवड्यात ती नीट जेवली नव्हती. पण मंगलच्या वाट्याला जे आलं ते आपल्या दारात उतरवून घेतल्याशिवाय तिचं मन तिला सोडणार नव्हतं.

लग्नाच्या सकाळी परसात चुलवण पेटवलं. काहील चढली. अक्का ओगराळं घेऊन उभी राहिली आणि मणभर तांदळाकडं, न शिकलेला माणूस पोस्टाच्या फॉर्मकडं बघतो तशी बघायला लागली. मोठी स्वयंपाकीण म्हणून मिरवणारी बाई, पण काहिलीत भात तिनं कधी लावला नव्हता. जाळ मधोमध भडकला होता. आजूबाजूच्या बाया कुजबुजत होत्या, पुढं कुणी होईना.

तेवढ्यात दगडांच्या रांगेवरून एक पाय आला. मग दुसरा. हौसाबाई कासोटा मारून, पन्नाशीतल्या बाईनं उतरू नये तशी धप्पकन अक्काच्या परसात उतरली. कोंबडी ओरडत पळाली. हौसाबाई सरळ चुलवणाशी गेली आणि तिनं मधली लाकडं ओढून कडेला केली.

"सरा बाजूला," ती म्हणाली. सात वर्षांतलं पहिलं वाक्य. "काहिलीला मधी जाळ घालत्यात व्हय? इस्तू पसरून लावायचा. आन् आदी नुसतं पानी उकळून फेकायचं दोन डाव, गूळ सुटतो. मग तुपाचा हात. मग तांदूळ, थोडं थोडं. वर केळीची पानं झाकायची."

अक्कानं हळूच विचारलं, "तुला कुनी शिकिवलं?"

"कुनी शिकिवनार?" हौसाबाई काहिलीकडंच बघत म्हणाली. "सात वर्सं ह्योच भात शिजवतीया मी. रोज. हातरुनात पडल्या पडल्या. कुटं चुकला, काय केलं आसतं तर निगाला आसता." आणि मग एकदम वळून, "वस्तीवरच्या सखारामाला सोता कडी धरलीसा. माज्या मंगलच्या येळंला तुमचं हात मोडलं हुतं का?"

अक्काचं तोंड इतकंसं झालं. ती म्हणाली, "तवा मला आक्कल नव्हती, हौसे. घरच्याला धरून वागली म्हन्तील, ह्येचं भ्या हुतं. तुज्या पोरीच्या दारात मी नेम संबाळत बसली. चुकलं माजं."

हे ती सगळ्यांसमोर बोलली, मोठ्यानं. त्या बाईच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द त्या आधी गावानं ऐकला नव्हता.

"त्ये मला ठावं हाय," हौसाबाई म्हणाली. "तांदूळ वता."

भात झाला. थोडा तांबूस झाला, खोटं कशाला सांगू. पण मोकळा, शिजलेला, गुळाचा अगदी पुसट वास असलेला. माणच्या माणसांनी तीन-तीनदा वाढून घेतला. वाढायला मंगल होती. चुलतभावाच्या लग्नाला आटपाडीहून नवऱ्याला आणि सासूला घेऊन आली होती. सासूच्या पानाशी येऊन तिनं विचारलं, "आत्याबाई, काळा हाय का?" सासूनं मान खाली घालून दुसऱ्यांदा पान पुढं केलं. दूर चुलवणाशी दोघी जावा भांडत होत्या, भातात मीठ कमी पडलं ते कुणामुळं. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. गाव म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कुणी शिकवलं नव्हतं. तिथं परसात उभी राहून मी ते पाहत होते आणि धुरानं माझे डोळे चुरचुरत होते, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या वर्षी माझी साताऱ्याला बदली झाली. सकाळच्या गाडीनं निघाले. निरोप द्यायला शाळेची पोरं आली होती, दादू-यशवंता आले होते, आणि सगळ्यांच्या पुढं या दोघी. मी खिडकीशी बसले. अक्का खालून ओरडली, "हिकडं कशाला बसलीस? कऱ्हाडपातुर ऊन लागंल. पलीकडं सरक!"

"आवं काय तरीच," हौसाबाई म्हणाली. "ऊन पलीकडनंच येतंय. हाय तिथंच बसू द्या तिला."

"मी कऱ्हाडला जन्मभर गेली, मला शिकीवतीस?"

"जन्मभर गेलासा, डोळं झाकून गेलासा!"

"सूर्य कुटं उगावतो ठावं हाय का तुला, हौसे?"

"तुमच्या न्हानीमागं उगावतो व्हय?"

कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीतून हात बाहेर काढला. अक्का एका दिशेला बोट दाखवत होती, हौसाबाई दुसऱ्या. पोरं हात हलवत होती, दादू टोपी हलवत होता. मी दोघींना हाका मारल्या, "अक्का! हौसाबाई! येते हं!" गाडी वळणाशी गेली तरी दोघींची बोटं आभाळाकडंच होती. मला वाईट वाटायला हवं होतं. मी मात्र रडता रडता हसत होते. सात वर्षांचं बोलणं साठलेलं होतं त्यांचं. माझ्याकडं बघायला सवड कुणाला होती?